पाण्याची रेघ

महाडात राहणाऱ्या माणसाला पाण्याची रेघ ओळखायला शिकवावी लागत नाही. सावित्री आणि गांधारी गावाला धरूनच वाहतात. महाबळेश्वरच्या अंगानं पाऊस कोसळत राहिला की नद्या घरात येतात, दोन दिवस मुक्काम करतात आणि जाताना भिंतीवर खूण ठेवून जातात. २२ जुलै २०२१ च्या पुरानं आमच्या दुकानात ठेवलेली रेघ आमच्या डोक्याच्याही वर दोन हात होती. पुढं तीनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात ओल धरली की ती पुन्हा वर येते.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं. एकाचं बाजारात वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान, दुसरीची शाळेतली नोकरी. दोन मुलं, अब्बा आणि अम्मा. आमच्या घराण्यात कुणी कधी चारचाकी घेतलेली नव्हती. आजोबा बोटीवर होते, अब्बांनी आयुष्यभर एसटीनं प्रवास केला. मग अब्बांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि दर तीन महिन्यांनी मुंबईची वारी सुरू झाली. महाड ते मुंबई पावणेदोनशे किलोमीटर, आणि गोवा रस्त्याची दशा सांगायला नको. कोकण रेल्वे महाडला येत नाही, वीर स्टेशन गाठावं लागतं. एकदा माणगावच्या पुढं एसटी बंद पडली. भर उन्हात अब्बा रस्त्याच्या कडेला पिशवीवर बसून राहिले. तक्रार केली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. त्या दिवशी आम्ही ठरवलं की गाडी घ्यायची. नवी परवडणार नव्हती, म्हणजे जुनीच.

कर्जाचा विषय अम्मांनी एका वाक्यात संपवला. "व्याजाची गारी मना दारात नको, पोरांनो. त्यापेक्षा मी चालत जाईन." मग भिशी लावली. ती उचलायची वेळ आली आणि पूर आला. गाडीचे पैसे दुकानातला चिखल काढण्यात, फळ्या आणि नवा माल भरण्यात गेले. आमचं निदान सामानच गेलं. त्याच संध्याकाळी आमच्याच तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळ्याला आणि साखर सुतारवाडीलाही दरडी कोसळून माणसं दगावली. अशा वेळी आमची गाडी राहिली म्हणून रडायची लाज वाटत होती.

पुन्हा भिशी लावली. २०२३ च्या रमजान ईदनंतर हातात दोन लाखांच्या आसपास रक्कम जमली आणि आम्ही गाडी बघायला निघालो.

जुनी गाडी बघणं हे मुलगी बघण्यासारखं आहे असं लोक गमतीनं म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. मुलीकडची माणसं निदान दोन दोष आपण होऊन सांगतात. गाडीवाला प्रत्येक गाडी डॉक्टरची आहे असं सांगतो. सिंगल हँड, फक्त दवाखान्यात जायची, रविवारी झाकून ठेवलेली. एवढ्या गाड्या वापरायला रायगड जिल्ह्यात तेवढे डॉक्टर तरी आहेत का, असा प्रश्न आम्हाला पडू लागला.

आमच्याबरोबर यायला मिस्त्रीचाचा तयार झाले. चाचांनी ऐन उमेदीची वर्षं मुंबईच्या गॅरेजांत काढली आणि नंतर गावी येऊन छोटं गॅरेज टाकलं. बोलतात थोडं. पहिल्या दिवशी आम्ही उत्साहानं म्हणालो, "चाचा, एक गाडी आहे, फक्त अडतीस हजार किलोमीटर चाललीय." चाचा हातातलं फडकं झटकत म्हणाले, "चाललीय की लिहिलंय?"

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी मीटर तारेवर आणि दातेरी चाकांवर चालायचा. तार सोडून चाकं उलटी फिरवली की आकडा मागं यायचा. बारीक नजरेच्या माणसाला ते कळायचंही, कारण फिरवलेले आकडे एका रेषेत बसत नसत. आताच्या गाडीत आकडा एका चिपमध्ये साठवलेला असतो. यंत्र जोडायचं, हवा तो आकडा भरायचा, चहा निवायच्या आत काम संपतं आणि आकडे कसे सरळ रेषेत, सुंदर! म्हणून मीटरला साक्षीदार मानायचं नाही. तो आरोपी आहे, साक्षीदार दुसरे शोधायचे.

ते साक्षीदार कोण, हे आम्ही चाचांच्या मागं फिरून शिकलो. वाचकांपैकी कुणी आमच्यासारखा पहिल्यांदा गाडी घेणार असेल तर त्याच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिला साक्षीदार पायाखाली असतो. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरचं रबर. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही. ते झिजून एका बाजूनं उतरलेलं असेल, किंवा नऊ वर्षांच्या गाडीत अगदी कोरं असेल, तर दोन्हीचा अर्थ विचारायचा. मग स्टिअरिंगची वरची कड, गिअरची मूठ, आणि चालकाच्या सीटची दाराकडली बाजू. माणूस चढताना-उतरताना तिथंच घासतो. टायरच्या अंगावर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडी २०१४ ची, मीटर पस्तीस हजारांचा आणि चारही टायर २०२१ चे असतील तर पहिले टायर एवढ्यात कुठं गेले, हे मालकाला सांगता आलं पाहिजे. कधी टायर वयानं कडक होऊन बदलावे लागतात, ते खरं. पण पॅडल, सीट आणि टायर तिघंही एकच गोष्ट सांगू लागले की मीटर एकटा पडतो.

मग कागद. सर्व्हिसच्या वहीत दर वेळेचा किलोमीटरचा आकडा असतो. वही 'हरवली' असेल तर गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोंद मिळू शकते, मालकानं सोबत येऊन काढून द्यावी. तो टाळाटाळ करत असेल तर आपण चहा पिऊन निघावं. तेल बदललं की काही मिस्त्री बोनेटच्या आत किंवा दाराच्या कडेला आकडा लिहिलेला कागद चिकटवतात. मीटर फिरवणारा हुशार माणूससुद्धा तो काढायला विसरतो.

आणि हिशेब. घरची गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर चालते असं धरायची रीत आहे. दहा वर्षांची गाडी लाखाच्या आसपास असेल तर घाबरायचं कारण नाही. उलट ती चाळीस हजार दाखवत असेल तरच जास्त प्रश्न विचारायचे. क्वचित खरंच कमी चाललेली गाडी मिळते. पण उभी राहिलेल्या गाडीचेही रोग असतात. रबर सुकतं, बॅटरी मरते, टाकीत गंज धरतो.

"आणि आपल्याकडं," चाचा म्हणाले, "किलोमीटर मोजू नका, चढ मोजा." पनवेल ते पुणे द्रुतगती मार्गावर पडलेला एक किलोमीटर आणि आंबेनळी घाटात पडलेला एक किलोमीटर मीटरला सारखाच, पण क्लचला सारखा नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला चाळीस किलोमीटर, सगळं पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. उतरताना ब्रेक तापून वास मारतात. कशेडीचं तेच. कशेडीला आता बोगदा झाला, पण जुन्या गाड्यांच्या अंगावर जुना घाटच लिहिलेला आहे. म्हणून घाटातल्या माणसाची गाडी घेताना क्लच कधी बदलला हे विचारायचं. बदललाच नाही म्हणाला तर तो एक तर खोटं बोलतोय, नाही तर खर्च तुमच्यासाठी ठेवतोय.

पहिली गाडी महाडातलीच होती, ओळखीतली. बाहेरून झकास. चाचांनी दोन्ही बाजूंना उकिडवं बसून तिरप्या उन्हात पत्र्याची लकेर बघितली, दार आणि बोनेट यांच्यामधल्या फटी बोटांनी मापल्या. एका बाजूची फट करंगळीएवढी, दुसरीकडं नखसुद्धा जाईना. बोनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. गाडी पुढून ठोकलेली होती. ओळखीतला माणूस, त्यामुळं आम्हीच अवघडलो. तो मात्र हसून म्हणाला, "अहो, थोडंसं डेंटिंग केलंय, बाकी मख्खन." आम्ही सलाम करून निघालो.

दुसरी गाडी पनवेलच्या पुढं रस्त्यालगतच्या एका आवारात बघितली. तिथं तीस-चाळीस गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आम्हाला दाखवलेली गाडी पांढरी, आत अत्तराचा घमघमाट, मीटरवर एक्केचाळीस हजार. पॅडल ठीक होते. टायर जुळत होते. सर्व्हिसची वहीसुद्धा होती आणि आकडे खरे वाटत होते. किंमत मात्र बाजारभावापेक्षा वीस-पंचवीस हजारांनी कमी. आमच्या डोळ्यांपुढं अब्बा पुढच्या सीटवर बसलेले दिसू लागले. मुलांसाठी मागं कोणती खिडकी कुणाची, हेही मनात ठरून गेलं.

चाचा मागच्या सीटवर जाऊन बसले. सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिले. आपण पट्टा ओढतो तो कमरेपुरता. चाचांनी तो शेवटच्या टोकापर्यंत, गुंडाळी संपेपर्यंत बाहेर काढला आणि आमच्यापुढं धरला. पट्ट्याच्या आतल्या भागावर आडवी तपकिरी रेघ होती. रेघेच्या खाली पट्टा मातकट, वर काळाभोर.

आम्ही महाडची माणसं. ती रेघ कसली, हे आम्हाला चाचांनी सांगायची गरज नव्हती.

मग बाकीचं निघत गेलं. पायपुसण्याखालचा गालिचा उचलला तर सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. डिक्कीतली स्टेपनी बाहेर काढली तर खळग्याच्या कोपऱ्यात बारीक गाळ. पुढच्या दिव्याच्या काचेत आतून वाफ. अत्तर कशासाठी मारलं होतं, तेही कळलं. गाडी खरोखरच एक्केचाळीस हजार चाललेली असावी. मीटर खरा होता. पण ती कुठल्या तरी पाण्यात खिडकीपर्यंत उभी राहिलेली होती. महाडच्या, चिपळूणच्या की मुंबईच्या, अल्लाहला ठाऊक.

पाण्यात गेलेली गाडी वाईट का, हेही चाचांनी परतीच्या वाटेवर समजावलं. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसानंतर त्यांच्या गॅरेजात अशा गाड्यांची रांग लागली होती. नुसती उभी असताना भिजली आणि नीट उघडून, तेलं बदलून, सुकवली तर इंजिन वाचतं. पण पाण्यात असताना कुणी चावी फिरवली तर इंजिनात हवेऐवजी पाणी ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि इंजिन वाचलं तरी वायरिंग सुटत नाही. हल्लीच्या गाडीत शेकडो जोड असतात. त्यांच्यात गाळ आणि ओल राहते, हिरवा गंज चढत जातो. आज दिवा लागतो, उद्या लागत नाही. सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी भर रस्त्यात. म्हणून विमा कंपन्या अशा पुष्कळ गाड्या पूर्ण नुकसानीत काढतात आणि त्या भंगाराच्या भावानं विकल्या जातात. विकत घेणारा सुकवून, पॉलिश करून पुन्हा विकतो. विकणं गुन्हा नाही, असं चाचांचं मत. न सांगणं गुन्हा.

आम्ही त्या आवारातल्या माणसाला विचारलं होतं, "तुम्ही हे सांगितलं का नाही?"

तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही विचारलं कुठं?"

चाचांनी पट्टा सोडला. तो सर्रकन आत गेला आणि रेघ दिसेनाशी झाली.

परतीच्या प्रवासात आम्ही दोघं फारसे बोललो नाही. चाचांना वाटलं, गाडी हुकली म्हणून आम्ही हिरमुसलो. खरं कारण वेगळं होतं आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

पुरात आमची स्कूटरही बुडाली होती. दुकानामागच्या बोळात ती दीड दिवस पाण्याखाली होती. विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, त्यामुळं भरपाईचा प्रश्न नव्हता. चिखल धुऊन, तेल बदलून, दुसऱ्या एका गॅरेजात थोडी खटपट करून ती चालू केली. सीटचं कव्हर नवं घातलं. २०२२ च्या जानेवारीत पैशांची चणचण होती, दुकानात माल भरायचा होता. पोलादपूरच्या वर, कापडे बाजूच्या एका वाडीतला पोरगा स्कूटर बघायला आला. नुकताच महाडच्या एमआयडीसीत कामाला लागलेला. त्यानं स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारल्या, चालवून बघितली, बावीस हजार मोजले. कागद आम्ही चोख करून दिले, नाव त्याच्यावर चढवून दिलं. पाण्याचं सांगितलं नाही. रात्री झोपताना आमच्यातलं एक जण म्हणालं, "सांगायला हवं होतं का?" दुसरं म्हणालं, "त्यानं विचारलं कुठं?"

कोण काय म्हणालं, याला महत्त्व नाही. आम्ही दोघं म्हणालो.

आणि आज तेच वाक्य, तोच शांत आवाज, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

आपल्यापैकी प्रत्येकानं लहानपणी मदरशात ती हदीस ऐकलेली असते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात होते. धान्याची रास दिसली. त्यांनी राशीत हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विकणाऱ्यानं सांगितलं की पाऊस लागला होता. तेव्हा त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा माणूस आपला नव्हे, असं बजावलं. आम्ही ही गोष्ट स्वतः आमच्या मुलांना सांगितलेली आहे. इतक्या वर्षांत एक बारकावा कधी जाणवला नव्हता. त्या माणसानंही पाऊस पाडला नव्हता. पाऊस हा त्याचा दोष नव्हता. धान्य विकायलाही त्याला मना केलं नाही. ओलं वर ठेव, एवढंच सांगितलं. पुरानं आमचं नुकसान केलं होतं, हे खरं. पण ते नुकसान आम्ही गुपचूप त्या पोराच्या गळ्यात घातलं होतं.

कुराणात मापात कमी देणाऱ्यांच्या नावाची एक सूरहच आहे, अल-मुतफ्फिफीन. मराठीत त्यालाच मापात पाप म्हणतात. मीटर मागं फिरवणारा माप मारतो, हे पटकन कळतं. न बोलणाराही माप मारतो, हे आम्हाला पट्ट्यावरच्या रेघेनं दाखवलं.

तिसरी गाडी मिळाली ती पोलादपुरात. एका निवृत्त गुरुजींची वॅगन आर, २०१३ ची. मीटर एक लाख बारा हजार. आकडा ऐकून आमचा चेहरा पडला असावा, कारण गुरुजी म्हणाले, "जास्त आहे ना? आहेच. मी चालवलीय." आणि आतून एक जाडजूड वही आणली.

त्या वहीत दहा वर्षं होती. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये. आपल्याकडं मायलेज म्हणतात ते लिटरमागचं अंतर. तेही गुरुजींनी दर वेळी भागाकार करून काढलेलं. सपाटीला अठरा, घाटात तेरा-चौदा. अठ्ठ्याहत्तर हजारांवर क्लच बदलला, नोंद होती. ब्रेक, बॅटरी, टायर, सगळं. २०१६ च्या ऑगस्टमधल्या एका पानावर पेट्रोलचा हिशेब नव्हता. फक्त लिहिलं होतं, 'पूल गेला. मंगळवारी रात्री आपण महाडहून परत येताना त्याच पुलावरून आलो.' २ ऑगस्टच्या त्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. आम्ही ते पान वाचून गप्प बसलो. गुरुजी म्हणाले, "एक तास आधी आलो होतो. त्यानंतर प्रत्येक प्रवासाची नोंद ठेवतो."

चाचांनी आपली तपासणी सोडली नाही. आधी बोनेटला हात लावला, थंडगार होतं. आपण यायच्या आधी गाडी गरम करून ठेवली असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आजार लपतो, म्हणून हे बघायचं. चावी फिरवल्यावर मागं जाऊन धूर बघितला. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खातंय, काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. पांढरी वाफ सकाळी थोडी येते आणि जाते, ती जातच नसेल तर आत पाणी झिरपतंय. तेलाच्या टोपणाखाली दुधट साय नाही ना, ते पाहिलं. पट्टे शेवटपर्यंत ओढले, चारही. आम्ही श्वास धरून बसलो होतो. पट्टे नखशिखान्त काळे होते.

मग गुरुजींनी आम्हाला आंबेनळीच्या चढावर नेलं. वळणावर गाडी मुद्दाम थांबवून पुन्हा उचलायला लावली. आपण होऊन सांगत होते, "उजवं पुढचं दार एकदा घासलंय, रंग केलाय. तिसऱ्या गिअरला थोडी आवाज करते. मागच्या डाव्या दारातून जोराच्या पावसात पाणी येतं, दोनदा रबर बदललं, उपयोग नाही." चाचा पहिल्यांदा हसले. गुरुजींनी सांगितलेल्यातलं एकही त्यांना आधी दिसलं नव्हतं असं नाही. त्यांनी सांगितलं, याचं हसू होतं.

व्यवहार एक लाख ऐंशी हजारांना ठरला. इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसीशी ताडून बघितला. आरसीवर बँकेचा बोजा नव्हता. असता तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन तो उतरवल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यायला गुरुजींनीच बजावलं, आणि नो क्लेम बोनस आपल्याकडं राहतो, गाडीबरोबर येत नाही, हेही सांगितलं. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंत. तेवढी वर्षं गाडी आमची. पुढचं पुढं. निघताना त्यांनी वही आमच्या हातात ठेवली. आम्ही म्हणालो, "गुरुजी, ही तुमची आठवण आहे." ते म्हणाले, "गाडीची आहे. गाडीबरोबर जाऊ दे."

पहिला लांबचा प्रवास अब्बांना घेऊन मुंबईला करायचा असं ठरलं होतं. त्याआधी एका रविवारी आम्ही दोघंच पोलादपूरकडं निघालो. खिशात पाच हजार रुपये होते.

पोरगा घरी होता. स्कूटर पडवीत उभी होती, पुसलेली. त्याच्या आईनं कोरा चहा केला. आम्ही बोलायला सुरुवात केली आणि अडखळलो. शेवटी सरळ सांगितलं की ती पाण्याखाली होती, तुला सांगितलं नाही, चूक झाली.

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

आम्ही बघत राहिलो.

"महाडच्या बाजारातली गाडी, पुरानंतर सहा महिन्यांनी विकायला. कोणाला कळणार नाही? मी दोन फेऱ्या मारल्या त्या तुम्ही सांगता का बघायला. स्वस्त होती आणि मला कामावर जायला पाहिजेच होती, म्हणून घेतली." मग थोडं थांबून म्हणाला, "एकदा मात्र राजेवाडीजवळ रात्रपाळीहून येताना दिवाच गेला. पाऊस होता. मागून ट्रक. कसाबसा कडेला घेतली आणि पाऊण तास उभा राहिलो."

आम्हाला चहाचा घोट उतरेना. आमच्या मनात हा सगळा हिशेब रुपयांचा होता. तो पोरगा काळोखात हायवेच्या कडेला उभा आहे, सावित्रीच्या त्याच जागेपाशी, हे चित्र आमच्या हिशेबात कुठंच नव्हतं.

पाच हजार पुढं केले. त्यानं घेतले नाहीत. आत जाऊन मोबाइल आणला, बिलांचे फोटो बघितले, वायरिंगचे सव्वीसशे झाले होते. तेवढेच मोजून घेतले, बाकीचे परत केले. आम्ही आग्रह केला तर म्हणाला, "खर्च झाला तेवढाच तुमचा. भीती वाटली त्याचे पैसे कसे घेऊ?" त्याची आई म्हणाली, "आलात, बरं केलंत." त्यानं माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि आम्हीही शब्द काढायचा प्रयत्न केला नाही. निघताना आमच्या गाडीभोवती त्यानं सवयीनं दोन फेऱ्या मारल्या. "किती चाललीय?" आम्ही आकडा सांगितला. तो म्हणाला, "खरा वाटतो."

पुढच्या आठवड्यात अब्बा मुंबईला गेले, पुढच्या सीटवर बसून, काच खाली करून. माणगावला ती जागा आली तेव्हा त्यांनी हातानं खूण केली. आम्ही गाडी थांबवली. त्यांनी उतरून पाय मोकळे केले, बाटलीतलं पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. बोलले काहीच नाहीत.

गुरुजींची वही आम्ही पुढं चालवतो आहोत. त्यांचं अक्षर संपतं तिथून आमचं सुरू होतं. तारीख, मीटर, लिटर, रुपये. शेवटच्या पानावर एक वेगळी यादी केली आहे, लाल शाईनं. मुलानं विचारलं की ही कसली यादी. आम्ही सांगितलं, गाडी विकताना घेणाऱ्याला सांगायच्या गोष्टी. पहिली नोंद अशी आहे: मागच्या डाव्या दारातून पाणी येतं. न विचारता सांगणे.